बर्फात वीज नसते, असं आम्ही धरून चाललो होतो

आधीच सांगते, ही सहल निसर्गाच्या ओढीनं वगैरे ठरलेली नाही. माझी आई बार्शीहून आमच्याकडे ब्रॅकनेलला आली होती, माझ्या मुलीला, रेवाला, फेब्रुवारीची हाफ-टर्म, म्हणजे शाळेची आठवड्याची सुट्टी, होती, आणि आमच्या घरातल्या तीन बायकांपैकी दोघी विजेला घाबरतात. थंडीत वीज नसते. या एका मुद्द्यावर तिघींचं एकमत झालं आणि मी वेल्समध्ये, ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात, दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं.

विजेचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी आई पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे असं धरतात की वीज पायाळू माणसाला शोधत येते. आई शाळेत भूगोल शिकवायची. ढगांतला विद्युतभार फळ्यावर बाण काढून समजावून द्यायची, आणि बाहेर वळवाचं आभाळ भरून आलं की तास अर्ध्यावर सोडून स्टाफरूममागच्या खोलीत जाऊन बसायची. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. कुणी हसायचं नाही, कारण हेडसरांच्या पाठीत उसण भरली की तेच आमच्याकडे येऊन सतरंजीवर पालथे पडायचे आणि आई त्यांच्या पाठीला पाय लावायची. पायाळूचा पाय लागला की उसण जाते, हा त्याच समजुतीचा दुसरा भाग. भीती आणि मान दोन्ही एकाच पायांमुळे.

हे सगळं बार्शीत राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण रेवा माझ्या पोटात उलटी होती. फिरेल, फिरेल म्हणत मिडवाइफनं वाट पाहिली, बाईसाहेब फिरल्या नाहीत, शेवटी सिझेरियन झालं. सिझेरियनचं मूल पायाळू धरायचं का, हा प्रश्न जुन्या बायकांना कधी पडलाच नसणार. आईनं तो स्वतःच्या अधिकारात सोडवून टाकला. "पायाळूच. जप तिला," म्हणाली.

मी ते हसण्यावारी नेलं. मग रेवा पाच वर्षांची असताना आम्ही मे महिन्यात बार्शीला गेलो आणि रोज दुपारी वळीव यायला लागला. आभाळ काळवंडलं की आजी नातीला घेऊन माजघरात जायची, दार लोटून घ्यायची, आणि पांघरुणात बसून दोघी लाडू खात गोष्टी सांगायच्या. "आपण दोघी पायाळू," असं आजी म्हणायची आणि रेवाला ते एखाद्या गुप्त क्लबाची मेंबर झाल्यासारखं वाटायचं. भीती अशी लाडवाबरोबर पोटात गेली. गेल्या उन्हाळ्यात इथे शाळेत गडगडलं तेव्हा ती पीईच्या, म्हणजे खेळाच्या सामानाच्या, कपाटात शिरून बसली. टीचरनं मला बोलावून घेतलं. रेवानं तिला शांतपणे सांगितलं होतं की लायटनिंग तिला शोधतंय.

तेव्हा मी आईला फोनवर बरंच बोलले. त्यानंतर आमच्यात एक करार झाला, तो शब्द घरात काढायचा नाही. आईनं तो पाळला. पण रेवा ढग बघून खेळायला जायचं का ते ठरवते, ते काही थांबलं नाही. येत्या जूनमध्ये शाळा मुलांना दोन रात्री तंबूत नेणार आहे. सगळा वर्ग नाचतोय आणि माझी मुलगी म्हणते, पोट दुखतं. माझ्या पोरीनं जन्मभर आभाळाकडे बघून बेत आखू नयेत, एवढंच मला हवं होतं. विजेची भीती नसलेल्या दिवसांत ती उघड्या डोंगरावर मनसोक्त हुंदडली तर हळूहळू जमेल, असा माझा अंदाज.

माझा नवरा शेखर येणार नव्हता. त्यांच्या ऑफिसात त्याच वीकेंडला नवं सॉफ्टवेअर चालू होणार होतं. त्यामुळे ड्रायव्हर मी, मागच्या सीटवर आजी आणि नात, आणि पुढच्या सीटवर डबे.

शनिवार: ब्रॅकनेल ते ब्रेकन

रस्ता सोपा आहे. एमफोर धरायचा आणि पश्चिमेला नाक करून जात राहायचं. मी नकाशाचे प्रिंटआउट काढून आईकडे दिले होते. भूगोलाच्या बाई मागे असल्यामुळे स्विंडन येण्याआधी स्विंडन येणार हे कळत होतं, आणि गेल्यावर गेलं हेही.

वाटेतल्या सर्व्हिसेसला, म्हणजे हमरस्त्यावरच्या थांब्यावर, चहा महाग आणि पाणचट मिळतो, तेव्हा थर्मास भरून न्या. आम्ही पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. गाडीच्या बोनेटवर डबे मांडून आम्ही जेवत होतो तेव्हा शेजारच्या गाडीतलं जोडपं सँडविच हातात धरून आमच्याकडे बघत राहिलं. आईनं त्यांनाही पोळीची गुंडाळी देऊ केली. बाईंनी नको म्हटलं, बुवांनी घेतली.

सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडायला वेल्समध्ये जाताना टोल लागतो, येताना लागत नाही. सुटे पैसे हाताशी ठेवा, कारण मागची रांग फार लवकर नाराज होते. दुपारी कार्डिफला थांबलो. तिथल्या बेवर, म्हणजे खाडीकाठी, वारा असा होता की आईचा पदर एकीकडे आणि आई दुसरीकडे. तिच्या अंगावर साडी, साडीखाली थर्मल, वरून शेखरचं जॅकेट आणि पायात माझे जुने ट्रेनर. या अवतारात एकही फोटो काढायचा नाही अशी तिची सक्त ताकीद होती. रेवानं सतरा काढले.

कार्डिफपासून ए-फोर-सेव्हन्टी उत्तरेला जातो. मर्थर गाव मागे पडलं की घरं संपतात, एका बाजूला धरणांचं पाणी लागतं आणि रस्ता चढायला लागतो. वर खिंडीत दोन्हीकडचे डोंगर निम्म्यापर्यंत पांढरे होते. रेवा खिडकीला नाक लावून ओरडली, "आजी, रिअल स्नो! पूर्ण डोंगरवर!" आई म्हणाली, "बघते आहे गं, डोळे आहेत मला." पण आवाजावरून ती हरखली होती.

ब्रेकन गावात आम्ही ग्लेनिस नावाच्या बाईंच्या बी अँड बीमध्ये उतरलो. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, अखंड बोलणाऱ्या. खोली एकच, पण तिघींना पुरेशी, आणि नाश्त्यासह माणशी पंचवीस पौंडांच्या आत. शाकाहारी आहोत म्हटल्यावर त्यांनी संध्याकाळी एक सॉसेज आणलं. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "चीज अँड लीक, लव्ह, नो पिग वॉज हर्ट." चांगलं होतं. त्याहून चांगले त्यांचे वेल्श केक, मनुका घातलेले आणि तव्यावर भाजलेले. तव्यावर भाजतात हे कळल्यावर आईनं ग्लेनिसबाईंना एकदम आपल्यात घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तो तवा बघून आली.

रविवार: खिंड

सकाळी नाश्त्याला ग्लेनिसबाई म्हणाल्या की समुद्रावरून सरी येतील, विंट्री शॉवर्स, पण मध्ये मध्ये उघडीप आहे, जाऊन या. आम्ही कालच्याच रस्त्यानं परत खिंडीत गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला मोठी पार्किंगची जागा आहे आणि चहा-बर्गरची एक व्हॅन उभी असते. शिखरावर जाणारे लोक तिथूनच निघतात. आम्हाला शिखराशी कर्तव्य नव्हतं. पार्किंगमागचा उतार घसरगुंडीला पुरेसा होता.

रेवाची लाल प्लॅस्टिकची स्लेज आणि इतर मुलांचे चहाचे ट्रे, खताच्या पिशव्या, जे मिळेल ते. पाच मिनिटांत तिची तिथल्या चार मुलांशी ओळख झाली. आईनं वाकून बर्फ चिमटीत घेतला, दोन बोटांत चोळला आणि म्हणाली, "खवलेल्या नारळासारखा लागतो हाताला." मग ती उभी राहून आभाळ बघायला लागली. पश्चिमेकडून, मग डोक्यावर, मग मागे. हे ती नेहमीच करते, बाजारात जातानासुद्धा.

"आई, फेब्रुवारी आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर आले," ती म्हणाली. आणि उघड्या डोंगरावर, एकही भिंत जवळ नसताना, चहाचा कप घेऊन निवांत उभी राहिली. माझ्या आठवणीत ती अशी कधी उभी राहिलेली नव्हती. मला फार बरं वाटलं. रेवा वरून घसरत आली आणि आजीच्या पायाशी आपटून थांबली. आजीला स्लेजवर बसवण्याचे तिचे प्रयत्न बराच वेळ चालले. शेवटी आई बसली. उतार नसलेल्या जागी बसली आणि मी दोरी धरून ओढली, पण बसली.

दुपारी पश्चिमेचं आभाळ वांग्याच्या रंगाचं झालं. आधी साबुदाण्याएवढ्या गोळ्या पडल्या, टपटप, जॅकेटवरून उड्या मारत. मुलं त्या तोंडात झेलत होती. मग एकदम मोठे, ओले, जाड पुंजके सुरू झाले. दहा पावलांवरचं दिसेना. व्हॅनवाल्यानं फळी पाडून घेतली आणि आम्हाला ओरडून सांगितलं, "आय'ड गेट डाउन नाऊ इफ आय वॉज यू, माय लव्ह." सगळे गाड्यांकडे पळाले. आम्हीही निघालो, रस्त्याला लागलो, आणि एक वळण घेतो न घेतो तोच पुढचे लाल दिवे पेटले. खाली कुणाची तरी गाडी आडवी झाली होती. पुढे रांग, मागे रांग. मी हँडब्रेक ओढला.

इथे एक सूचना. थंडीत डोंगरात जाताना गाडीत पांघरूण, पाणी, खाऊ आणि फावडं ठेवा आणि पेट्रोलची टाकी भरून घ्या. माझ्याकडे फावडं सोडून सगळं होतं. त्यामुळे मी तशी निश्चिंत होते. रेवा म्हणत होती की आपण इथेच राहू, मला शाळेत जायचं नाही. आई पोळी-चटणीची गुंडाळी करत होती.

आणि वीज चमकली.

आपल्याकडे वीज दिसते, तिला रेघ असते, दिशा असते. इथे रेघ नव्हती. चारही बाजूंचा पडणारा बर्फ आतून पेटल्यासारखा निळसर पांढरा झाला आणि विझला. मला आधी वाटलं कुणी फोटो काढला. मग आवाज आला. कडाडणं नव्हतं ते, बर्फानं दाबून टाकलेला एकच बोजड दणका, आणि गाडीच्या काचा थरथरल्या.

मी आरशात पाहिलं. आईनं ट्रेनर काढून दोन्ही पाय वर सीटवर घेतले होते, साडीखाली घट्ट ओढून. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. रेवा तिच्याकडे बघत होती.

मला घाम फुटला. वीज पडेल म्हणून नाही. बंद गाडीत आपण सुरक्षित असतो, धातूचं कवच विजेला बाहेरच्या बाहेर जमिनीत घालवते, एवढं मला माहीत होतं. पण ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते सगळं आता पाण्यात गेलं, हे मला दिसत होतं. थंडीत वीज नसते असं मी स्वतः रेवाला सांगितलं होतं. आता वीज तिच्यामागे बर्फातसुद्धा आली होती.

दुसऱ्यांदा लखलखलं. दणका आधीपेक्षा लवकर आला.

"मम्मा," रेवा म्हणाली. ती रडत नव्हती. अगदी समजूतदार आवाज होता. "माझा साइडचा चाइल्ड लॉक काढ ना."

"कशाला?"

"मी बाहेर उभा राहते. थोडा लांब. तो मला शोधतोय ना, तुला नाही. मग तू ओके राहशील."

मी सात महिने टीचरशी बोलत होते, पुस्तकं आणत होते, मला वाटत होतं ती स्वतःसाठी घाबरते. ती आमच्यासाठी घाबरत होती. पीईच्या कपाटात ती लपली नव्हती, बाकीच्या मुलांपासून लांब गेली होती. मी सीटबेल्ट सोडला, मागे वळले आणि तिचा बूट हातात धरून ठेवला. तेवढंच हाताला लागलं.

"आजीला पण शोधतोय," रेवा पुढे म्हणाली, "पण आजी ओल्ड आहे, तिला स्नोमध्ये कोल्ड होईल. मी जाते."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून, शाळेत उत्तर विचारतात त्या आवाजात म्हणाली, "काय गं, हिच्या वेळी डॉक्टरांनी आधी काय बाहेर काढलं होतं?"

ऑपरेशनच्या वेळी माझ्यापुढे पडदा होता, मला काही दिसलं नाही. पण शेखर तिथे होता. आधी दोन इवले पाय दिसले, आणि ते लाथा झाडत होते, हे त्यानं मला शंभरदा सांगितलंय.

"डोकं," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. आधी डोकं."

"ऐकलंस?" आई रेवाला म्हणाली. "पायाळू म्हणजे ज्याचे पाय आधी येतात तो. तुझं डोकं आधी आलं. तू पोटात उलटी होतीस म्हणून मी आपली समजून चालले. चूक झाली माझी. तू पायाळू नाहीस."

रेवानं हे तपासून पाहिलं. ती माझीच मुलगी, आणि मी पोटासाठी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. "पण तू आहे," ती म्हणाली. "तर तुला बाहेर जायला पाहिजे?"

"मी कशाला जाऊ? मी जन्मभर घरात बसले. घरात तुझे आजोबा होते, तुझी आई होती, पाहुणे, शेजारचे, मांजर. झालं कुणाला काही?"

"नाही."

"माझ्या शेजारी बसलेल्याला कधी काही होत नाही. आणि ही गाडी लोखंडाची आहे. वीज वरून आली तर पत्र्यावरून खाली जाईल, आत येणार नाही. हे मी सातवीला शिकवलंय. काचेला हात लावू नकोस, इकडे सरक आणि बघ. बर्फात वीज मीसुद्धा पहिल्यांदाच बघते आहे."

रेवा बेल्ट ताणून तिच्याकडे सरकली. तिसऱ्यांदा उजेड झाला तेव्हा आईनं डोळे मिटले नाहीत. तिचे पाय साडीखालीच होते, पण ती खिडकीकडे बघत राहिली. "आता मोज," म्हणाली, "उजेड आणि आवाज यांच्यामध्ये किती आकडे होतात ते." रेवानं मोजले. पुढच्या वेळी जास्त झाले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. "गोइंग अवे!" ती ओरडली. मी पुढे तोंड करून बसले आणि वायपर लावला, कारण मला रडू येत होतं आणि ते त्या दोघींना दिसायला नको होतं.

पाऊण एक तासानं खालून, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक आला आणि रांग मुंगीच्या पावलानं सुटली. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो पाय न लावता, मी ब्रेकनपर्यंत आणली गाडी.

संध्याकाळी ग्लेनिसबाईंनी दारातच पकडलं. जन्मात एकदाच असं पाहिलं होतं म्हणे, लहान असताना, आणि त्यांच्या आईनं, वीज ओढून घेतील म्हणून, चमचे-काटे सगळे ड्रॉवरमध्ये लपवले होते. हे मी आईला सांगितलं. आईनं ग्लेनिसबाईंकडे नव्यानं पाहिलं. अंगणातला बर्फ ओढून बाईंची पाठ धरली होती, खुर्चीतून उठताना त्या कळवळत होत्या.

"उसण भरली आहे," आई म्हणाली. "विचार त्यांना, पाय लावू का."

मी कसं सांगावं या विचारात असतानाच रेवानं सांगून टाकलं, "माय ग्रॅन केम आउट फीट फर्स्ट, सो हर फूट कॅन फिक्स यॉर बॅक. इट्स लाइक, अ थिंग."

"वेल," ग्लेनिसबाई म्हणाल्या, "द डॉक्टर्स क्लोज्ड ऑन अ संडे," आणि गालिच्यावर पालथ्या झाल्या. आईनं मोजे काढले, पाय धुऊन आली आणि भिंतीला धरून अलगद त्यांच्या कमरेला उजवा पाय लावला. तीनदा. बाई उठून बसल्या, कंबर इकडेतिकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या की हे चांगलंय. खरं किती आणि सौजन्य किती ते मला माहीत नाही, पण जेवणानंतर पुडिंग दुप्पट आलं.

"मी पण करते!" रेवा बूट काढत म्हणाली.

"तुझ्या पायाचा उपयोग नाही," आई म्हणाली. "तू पायाळू नाहीस."

रेवाचं तोंड पडलं. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. क्लबातून नाव गेलं की सगळंच जातं. ती पुडिंग संपेपर्यंत आजीशी बोलली नाही. आई तिच्याकडे बघत होती आणि मला दिसत होतं की तिच्या जिवावर येतंय. पण ती विरघळली नाही.

सोमवार: परत

सकाळी लख्ख ऊन. खिंडीचा रस्ता उघडला होता, पण मी हिंमत केली नाही. ए-फॉर्टीनं अॅबरगॅवेनीवरून न्यूपोर्टला उतरले. थोडं लांब पडतं, पण रस्ता नदीच्या काठानं जातो आणि चढ नाही. ज्यांना बर्फात गाडी चालवायची सवय नाही त्यांनी हाच धरावा. निघताना ग्लेनिसबाईंनी वेल्श केकची पुडी दिली, आईनं चटणीची बाटली दिली. ती तिखट आहे हे दोनदा सांगा, असं मला बजावलं.

चहाच्या वेळेला घरी पोचलो. रेवा बूट न काढताच शेखरला सगळं सांगत सुटली, स्लेज, वीज, ग्लेनिसबाईंची पाठ. शेवटी म्हणाली, "आणि डॅड, मी पायाळू नाहीए. माझा डोका फर्स्ट आला. मी कॅम्पिंगला जाणार." आणि टीव्ही लावायला पळाली.

शेखरनं माझ्याकडे पाहिलं. मी दार लोटून घेतलं आणि गाडीत काय झालं ते सांगितलं. आईनं काय विचारलं, मी काय थाप मारली, आणि आईला ती कशी पटली.

"पटली?" तो म्हणाला. "अगं, त्यांना पहिल्या दिवसापासून माहितीये. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन मी पहिला फोन बार्शीलाच केला होता. आई, मुलगी झाली, आणि पाय आधी आले, असंच सांगितलं मी. त्या पलीकडे एकदम गप्प झाल्या."

मी वर गेले. आई पलंगावर बसून ट्रेनरमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होती, ओल जावी म्हणून.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "पाय आधी आले होते ते."

आईनं मान वर केली नाही. "तू काय सांगितलंस गाडीत?"

"डोकं."

"मग डोकं. तू आई आहेस तिची." दुसरा बूट घेतला. "मी आता बदलायची नाही, माझं सोड. पण ती पोर माझ्यासाठी बर्फात उभी राहायला निघाली होती."